पाहायलाच हवा असा देश : साष्टी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



आपल्या कार्यवाहांनी मला जे पत्र पाठवले, त्यात विषय असा दिला होता की, प्राचीन इतिहास आणि निसर्गशोभा यांनी संपन्न अशा एखाद्या देशाची ओळख करून द्यावी, म्हणजे सभासदांना प्रवासाची गोडी लागेल. विषय चांगला आहे. आपल्या मंडळात परदेश पाहिलेल्या भगिनी आता थोड्या राहिलेल्या नाहीत. कोणी मुलाकडे अमेरिकेला जाऊन आल्या, कोणी प्रवासकंपनीबरोबर युरोप पाहिला, कोणी इजिप्तचे पिरॅमिड पाहून आल्या. त्यांची वर्णने आपण याच सभागृहात ऐकली आहेत, आणि इतकी रंगून ऐकली आहेत की चहा निवून गेला तरी कोणाला भान राहिले नाही.

मी जो देश निवडला आहे त्याचे नाव कोणत्याही प्रवासकंपनीच्या पत्रकात तुम्हाला सापडणार नाही. तेथे जायला पारपत्र लागत नाही. तेथे डोंगरात कोरलेली शंभरावर घरे आहेत, सहासात पुरुष उंचीचे शिलाखंड आहेत, दाट अरण्य आहे, त्यात बिबळे आहेत, दोन तलाव आहेत, तीन बाजूंना खाड्या आणि चौथ्या बाजूला समुद्र आहे. या देशाचे नाव साष्टी. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचे बेट. आपली अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि हे आपले मुलुंड ही सारी त्या बेटावरच वसली आहेत.

तुम्ही हसलात. हसा, पण एका प्रश्नाचे उत्तर द्या. तुमच्यापैकी कान्हेरीची लेणी किती जणींनी पाहिली आहेत? हात वर करा बरे. (येथे नऊ हात वर झाले.) आणि शाळेच्या सहलीत नव्हे, तर मोठेपणी, आपल्या मनाने जाऊन? (तीन.) सभागृहात साठ-पासष्ट तरी भगिनी बसल्या आहेत. म्हणून मी हा देश निवडला.

कोणी म्हणेल की बाई परदेशाला नावे ठेवायला उभ्या राहिल्या. तसे मुळीच नाही. ज्यांना जमते त्यांनी जरूर जावे. परंतु आपल्यापैकी पुष्कळजणींचे पाहणे हे दुसऱ्याच्या सवडीवर बेतलेले असते. मुलगा नेईल तेव्हा, सूनबाईची रजा मंजूर होईल तेव्हा, नातवंडांची परीक्षा आटोपेल तेव्हा. आणि ते सगळे जुळून येईपर्यंत गुडघे बोलू लागतात. साष्टी पाहायला यातले काहीही जुळावे लागत नाही. सकाळचा स्वयंपाक आटोपून निघाले तर दिवेलागणीच्या आत परत येता येते.

आपल्या गच्चीवरून पश्चिमेला जो डोंगर दिसतो, ज्याच्यामागे रोज सूर्य मावळतो आणि ज्याच्याकडे पाहून आपण पाऊस येणार की नाही हे ठरवतो, त्याच्या पलीकडच्या अंगाला कान्हेरी आहे. सरळ रेषेत अंतर फार नाही. मधे जंगल आणि तलाव आहेत, म्हणून आपल्याला वळसा घालून बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी जावे लागते. तेथून आत सहासात किलोमीटरवर लेणी. जुन्या शिलालेखांत या डोंगराचे नाव कण्हगिरी असे येते. कण्हगिरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. पहिल्या पावसानंतर तो खडक ओला झालेला पाहिला म्हणजे हे नाव कोणी आणि का ठेवले असेल हे सांगावे लागत नाही.

इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास येथे कोरकाम सुरू झाले आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत वस्ती राहिली. म्हणजे जवळजवळ हजार वर्षे. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ साली बांधून झाला, त्याला अजून तीनशे वर्षेही पुरी व्हायची आहेत, आणि आपण त्याला जुना म्हणतो. हजार वर्षे एकाच डोंगरावर माणसे राहतात, शिकतात, शिकवतात, मरतात, आणि त्यांच्यामागून दुसरी येतात, असे ठिकाण आपल्या घरामागे आहे.

एवढी मोठी वस्ती रानात कशी उभी राहिली, असे मनात येते. त्याचे उत्तर समुद्रात आहे. कल्याण, सोपारा आणि चौल ही त्या काळची भरभराटलेली बंदरे. पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ नावाचे एक छोटे पुस्तक ग्रीक भाषेत लिहिले गेले. त्याचा लेखक इजिप्तमध्ये राहणारा ग्रीक दर्यावर्दी व्यापारी असावा असे मानतात, आणि त्याने या तिन्ही बंदरांची नावे नोंदवली आहेत. आपल्या भगिनी इजिप्त पाहून आल्या याचे आपल्याला कौतुक वाटते, पण इजिप्तची माणसे दोन हजार वर्षांपूर्वी इकडे ये-जा करीत होती! त्या व्यापारात ज्यांनी पैसा मिळवला, त्या कल्याणच्या, सोपाऱ्याच्या, चौलच्या लोकांनी कान्हेरीला दाने दिली. तेथील मोठे चैत्यगृह, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचे लेणे, गजसेन आणि गजमित्र या दोघा व्यापारी भावांनी यज्ञश्री सातकर्णी राजाच्या काळात करविले. आत चौतीस खांब आहेत. त्यांतले काहीच पूर्ण कोरलेले आहेत, उरलेले साधे अठपैलू राहिले आहेत. पैसे संपले की कारागीर दुसरीकडे गेले, देव जाणे; घर बांधणाऱ्या कोणालाही ही गोष्ट नवी नाही. ओवरीच्या दोन्ही टोकांना बुद्धाच्या उभ्या मूर्ती आहेत, सुमारे तेवीस फूट उंच. त्या मागाहूनच्या, पाचव्या-सहाव्या शतकातल्या. त्यांच्या पायाशी उभे राहून वर पाहिले की मान दुखते, पण दृष्टी खाली येत नाही.

मात्र मला तुम्हाला मूर्तींपेक्षा घरे दाखवायची आहेत. बाकीची बहुतेक लेणी म्हणजे भिक्षूंच्या राहत्या जागा. आजच्या भाषेत एका खोलीचा ब्लॉक. बाहेर चार पायऱ्या, मग ओसरी, ओसरीत बसायला दगडाचाच बाक, आत एक खोली, खोलीत निजायला दगडाचा ओटा. आणि दाराशी, पायऱ्यांच्या बाजूला, पाण्याचे टाके. जवळजवळ प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र टाके! ज्या आपण टँकरची वाट पाहत बादल्या घेऊन जिन्यात उभ्या राहिलो आहोत, त्या आपल्याला हे पाहून काय वाटेल ते पुरुषमाणसांना समजायचे नाही. डोंगराच्या माथ्यावर खडकात बारीक चर कोरले आहेत. पावसाचे पाणी त्या चरांनी उतरत उतरत टाक्यांत यायचे. पाऊस तोच, जो आपल्या गॅलरीतले कपडे भिजवतो. त्याच डोंगरराजीत १८६० साली विहार तलाव पुरा झाला आणि मुंबईला पहिल्यांदा नळाचे पाणी मिळाले. पुढे १८७९ साली तुळशी तलाव झाला. त्याच्या कितीतरी शतके आधी याच डोंगरावरचा पाऊस साठवून माणसे उन्हाळा काढीत होती.

अकराव्या लेण्यात मोठे सभागृह आहे, त्याला लोक दरबार म्हणतात. त्यात जमिनीलगत दोन लांबच लांब दगडी बाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आहेत. तेथे भिक्षू पाठाला बसत असावेत असे म्हणतात, पण मला तर ती पंगतच दिसते. याच भागातील नवव्या शतकातल्या लेखांत, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, दिलेल्या देणग्यांची नोंद आहे. एक दाता तर थेट गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेला. पैसे कशासाठी दिले याचा हिशेबही आहे. डागडुजीला, भिक्षूंच्या वस्त्रांना आणि ग्रंथांना. आपल्या मंडळाच्या जमाखर्चात वाचनालयाची रक्कम दरवर्षी शेवटी आणि सर्वांत लहान असते. तेव्हाही ग्रंथांचा वाटा लहानच होता, पण होता, हे मी खजिनदारबाईंच्या नजरेस आणते.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या वन्सना घेऊन कान्हेरीला गेले. त्यांचे वय चौऱ्याहत्तर. नाशिकला सारा जन्म गेला आणि देवदर्शनाखेरीज त्या कोठे फारशा गेल्या नाहीत. त्यांनी शांतपणे तीनचार लेणी पाहिली, एका टाक्याच्या काठावर बसल्या आणि मला म्हणाल्या, “इथे सगळे बुवाच राहत होते का गं? बायका नव्हत्या?”

हा प्रश्न मी स्वतः इतकी वर्षे इतिहास शिकवूनही मुलांना कधी विचारला नव्हता, आणि मुलांनीही मला विचारला नव्हता. उत्तर असे की, बायका होत्या. आणि त्यांची नावे दगडावर आहेत.

एका लेण्याच्या लेखात सापा नावाच्या एका प्रव्रजितेचे, म्हणजे घर सोडून संघात गेलेल्या बाईचे, दान आहे. तिच्या बापाचे नाव धमणक. तो धेनुकाकट गावचा राहणारा. ज्या थेरांजवळ ती शिकली त्यांचे नाव बोधिक. आणि दान एकटीचे नाही. सोबत तिची बहीण रतिनिका आहे आणि इतर नातलग आहेत. दान कशाचे, तर ‘लेण’ आणि ‘पोढी’. लेण म्हणजे लेणे. तोच शब्द आपण आजही वापरतो, दोन हजार वर्षांत फक्त एक मात्रा चढली. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. घरदार सोडलेली एक बाई आणि तिची बहीण, दोघींनी मिळून कोणा अनोळखी माणसाला राहायला जागा आणि प्यायला पाणी दिले. वन्सना मी एवढे सांगितले, तेव्हा त्यांनी सापा-रतिनिका ही दोन नावे तीनचार वेळा मनाशी म्हटली. लक्षात राहावीत म्हणून, असे त्यांनी नंतर सांगितले. बहिणीबहिणींची जोडी त्यांना विशेष भावली. त्या स्वतः पाच बहिणींतल्या एक आहेत.

दुसरा लेख पाचव्या क्रमांकाच्या लेण्याशी, पाण्याच्या टाक्यावर आहे. हा संस्कृतात आहे आणि पुष्कळसा झिजला आहे. हे टाके शतेरक नावाच्या अमात्याने दिले. परंतु लेखात एका राणीचा उल्लेख येतो. ती वासिष्ठीपुत्र सातकर्णी राजाची राणी. तिचे माहेर कार्दमक राजांच्या कुळातले, आणि ती महाक्षत्रपाची मुलगी. बापाच्या नावातले केवळ ‘रु’ हे पहिले अक्षर उरले आहे, त्यावरून तो रुद्रदामन असे विद्वानांनी ठरवले.

आता या लग्नाची हकीकत ऐका, म्हणजे हा केवळ दगड नाही हे तुमच्या ध्यानात येईल. सातवाहन आणि क्षत्रप ही दोन घराणी एकमेकांची वैरी. कोकणपट्टी, नाशिक, माळवा यांच्यासाठी त्यांच्या लढाया पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. इकडच्या गौतमीपुत्राने क्षत्रपांचा पराभव केला, मग तिकडच्या रुद्रदामनाने गेलेला मुलूख परत घेतला. अशा दोन घरांत ही मुलगी दिली. सौराष्ट्रात जुनागढला गिरनारच्या पायथ्याशी रुद्रदामनाचा मोठा शिलालेख आहे, इसवी सन १५० च्या सुमाराचा. त्यात तो म्हणतो की, दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला मी दोनदा उघड युद्धात जिंकले, पण जवळचे नाते म्हणून त्याचा समूळ नाश केला नाही.

जवळचे नाते! ते नाते कोणते हे जुनागढचा लेख सांगत नाही. तो बापाचा लेख आहे. त्यात विजय आहेत, धरणाची दुरुस्ती आहे, स्वतःची स्तुती आहे. ते नाते कोणते असावे हे आपल्या बोरिवलीच्या डोंगरावरचा, टाक्यावरचा झिजका लेख सांगतो. (सातकर्णी नावाचे राजे अनेक झाले, त्यामुळे हा कोणता याविषयी पंडितांत वाद चालतो, तो त्यांनी चालवावा.) माहेर आणि सासर यांच्यात तलवारी निघालेल्या असताना जी मध्ये उभी होती, तिची खूण पृथ्वीवर उरली असेल तर ती एवढी, एका पाण्याच्या टाक्याच्या वर.

आणि तिचे नाव नाही. अक्षरे गेली आहेत. सातवाहन राजे स्वतःला आईच्या गोत्राने म्हणवून घेत, गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र, याचे आपण मोठ्या अभिमानाने व्याख्यानांतून सांगतो. अशा घरात सून म्हणून आलेल्या राजकन्येचे नाव मात्र आपल्यापर्यंत पोचले नाही. पाऊस, वारा आणि शेवाळ यांना राणी आणि दासी सारखीच.

पाऊस-वाऱ्याला आपण काही करू शकत नाही. पण दगडावर खिळ्याने स्वतःचे आणि मैत्रिणीचे नाव कोरून बाण काढलेले मी त्याच डोंगरावर पाहिले. कोरणारा मुलगा कोणाचा तरी नातू असणार, आपल्यापैकीच कोणाचा तरी. त्याला कोणी आजीने हात धरून सापा आणि रतिनिका दाखवल्या असत्या तर त्याने खिळा काढला असता असे मला वाटत नाही. शाळेच्या सहलीत मुले येतात ती धावत येतात, डबे उघडतात, ओरडून प्रतिध्वनी ऐकतात आणि जातात. त्यांना दोष देत नाही. शिक्षकांना एका वेळी शंभर मुले सांभाळायची असतात. मी सांभाळली आहेत. हळू पाहणे हे काम आजीचेच. आपल्याला हळू चालावे लागते, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

काही भगिनींच्या मनात असेही येईल की ती बौद्धांची लेणी, तेथे आपले काय? नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत काही लेख आहेत. १००९ आणि १०२१ साली इराणी वंशाचे काही पारशी गृहस्थ येथे येऊन गेले आणि आपली नावे त्यांनी तेथे लिहून ठेवली. ते काही बौद्ध नव्हते. पाहण्यासारखे आहे म्हणून पाहायला आले. हजार वर्षांपूर्वी पारशी मंडळी सहलीला आली, आणि आपण डोंगराच्या पायथ्याशी राहून अजून निघतो आहोत! बुद्धपौर्णिमेला तेथे श्रद्धेने येणारी माणसे असतात, त्यांच्यासाठी ते तीर्थ आहे. आपल्यासाठी तीर्थ नसले तरी शेजाऱ्याचे घर आहे, आणि त्या घरात आपलीच जुनी भाषा लिहिलेली आहे.

निसर्गशोभेविषयी मी थोडेच सांगते, कारण ती सांगून कळत नाही. श्रावणात लेण्यांच्या मधून जो ओढा वाहतो तो पाहावा. हिवाळ्यात माथ्यावर चढले की एका बाजूला रान आणि दुसऱ्या बाजूला बोरिवलीच्या इमारती, त्यांच्यामागे खाडी आणि समुद्र. कारवी नावाचे झुडूप या रानात भरपूर आहे. ते आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि मग डोंगराचे उतार जांभळे होतात. २०१६ साली फुलले, २०२४ साली फुलले. आता २०३२ साली फुलेल. ज्यांनी २०२४ चा बहर चुकवला त्यांनी प्रकृती सांभाळावी.

साष्टी म्हणजे काही केवळ कान्हेरी नव्हे. अंधेरीला महाकालीची लेणी आहेत, जुने नाव कोंडिविटे. एकोणीस लेणी, आणि नवव्या लेण्यात खडकातच कोरलेली एक गोल झोपडी. दगडात गवती झोपडी कोरायची हौस कोणाला झाली असेल! आत स्तूप आहे. बिहारमध्ये बराबर टेकडीवर अशीच रचना आहे, पण त्यासाठी गयेला जावे लागते आणि यासाठी अंधेरी स्थानकाबाहेर बस मिळते. अंधेरीतच पश्चिमेला गिल्बर्ट हिल म्हणून खडकाचा सरळ उभा सुळका आहे, दोनशे फूट उंच. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्हा निवताना त्याचे असे उभे खांब झाले. अमेरिकेत वायोमिंगला असाच एक सुळका आहे, डेव्हिल्स टॉवर. आपल्या एक भगिनी मुलाबरोबर मोटारीने दोन दिवस प्रवास करून तो पाहून आल्या आणि त्यांनी त्याची छायाचित्रे आपल्याला दाखवली. आता आपल्या गिल्बर्ट हिलकडे या. वर गावदेवी आणि दुर्गामाता यांचे देऊळ आहे, चढायला पायऱ्या आहेत. खाली चारही बाजूंनी घरे अशी चिकटली आहेत की जवळ जाईपर्यंत सुळका दिसतही नाही. दगडाच्या खाणींनी त्याच्या भोवतालचा खडक केव्हाच खाऊन टाकला.

बोरिवलीला मंडपेश्वर आहे. शंकराचे लेणे, आत नटराज आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्र्यांनी त्याचे प्रार्थनामंदिर केले आणि वर मठ बांधला. त्या मठाच्या भिंती अजून उभ्या आहेत. एका शिल्पपटावर मोठा क्रूस कोरलेला आहे. पुढे १७३७ ते १७३९ या वसईच्या मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली. एकाच गुहेत देवाची इतकी स्थित्यंतरे झाली. याच पाद्र्यांपैकी एकाची गोष्ट दिओगो द कुतो या पोर्तुगीज बखरकाराने लिहून ठेवली आहे. कान्हेरीतून खंबायतपर्यंत भुयार जाते अशी तेव्हा वदंता होती. पाद्रीबाबा दोर आणि शिदोरी घेऊन त्या भुयारात शिरले, सात दिवस चालले आणि शेवट न सापडल्यामुळे परत आले म्हणे. सात दिवस ते कोठे चालत होते हे त्यांचे त्यांना ठाऊक. कान्हेरीत एवढे मोठे भुयार नाही.

जोगेश्वरीविषयी बोलताना मात्र हसू येत नाही. सहाव्या शतकातले हे शैव लेणे, घारापुरीच्या जोडीला बसवावे असे. प्रचंड चौक, चहूकडे खांब, आणि मधे देवीचे स्थान. तेथे महाशिवरात्रीला गर्दी लोटते. पण लेण्याच्या छतावर, म्हणजे ज्या खडकात ते कोरले आहे त्याच्या पाठीवर, माणसांची वस्ती झाली. वरचे सांडपाणी खडकात मुरून खाली मूर्तींवर झिरपत गेले. मूर्तींचे चेहरे आता हाताने चाचपूनच ओळखावे लागतात. वर राहणाऱ्या भगिनींना मी बोल लावणार नाही. मुंबईत डोक्यावर छप्पर मिळणे काय असते हे आपल्याला माहीत आहे. बोरिवली पूर्वेला मागाठाणे म्हणून बसचा डेपो आहे. कान्हेरीच्या एका लेखात मंगलठाण या गावचे शेत दान दिल्याचा उल्लेख आहे. तेच हे मागाठाणे असे मानतात. त्या मागाठाण्याचीही स्वतःची लेणी आहेत, झोपड्यांनी वेढलेली. डेपोतून रोज हजारो माणसे जातात-येतात. त्यांतल्या किती जणांना ती ठाऊक असतील?

माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या जागेकडे कोणी जात नाही तिच्याबद्दल कोणी तक्रारही करीत नाही. पालिकेकडे अर्ज जातात ते नळाचे आणि गटाराचे. ते जावेतच. पण गेल्या वर्षी आपण कचऱ्याच्या गाडीसाठी किती सह्या गोळा केल्या आणि गाडी येऊ लागली, हे आपल्याला आठवते. लेण्याला स्वतःचा वॉर्ड नाही आणि मत नाही. तेथे जाऊन आलेल्या पन्नास बायका असतील तर पुढच्या अर्जावर सह्या मागायला मला दारोदार समजावून सांगावे लागणार नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक सूचना ठेवते. दरवर्षी आपली सहल टिटवाळ्याला किंवा वज्रेश्वरीला जाते. देव आपल्यावर रागावणार नाहीत. यंदा ती कान्हेरीला न्यावी. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पुष्कळजणींचे उपवास आणि पूजा असतात, तेव्हा तो वार नको. सोमवारी उद्यान बंद असते. पौषातला एखादा मंगळवार किंवा बुधवार धरावा. रविवारी जाऊच नये, गर्दीत काही दिसत नाही. मुलुंडहून स्वतंत्र बस केली तर फाटकापर्यंत दगदग नाही. आत जायला उद्यानाच्या गाड्या मिळतात.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी घरी राहू नये. तिसरे लेणे पहिल्या थोड्या पायऱ्यांवरच आहे आणि पाचवे त्याच्या जवळच. तेवढे दोन पाहून ओसरीत बसले तरी चालेल, बाकी वर जातील. पायांत चपला सपाट तळाच्या असाव्यात. खडक गुळगुळीत झाला आहे. ऊन लागते, म्हणून पदर किंवा टोपी डोक्यावर हवी. पाण्याच्या बाटल्या भरून न्याव्यात आणि रिकाम्या परत आणाव्यात. माकडे फार धीट आहेत. केळी आणि लाडू पिशवीत वरवर ठेवू नयेत, आणि डबा उघडण्याआधी एकीने काठी घेऊन उभे राहावे. उद्यानातल्या पाड्यांवरच्या बायका पेरू आणि काकड्या विकायला बसतात, तेव्हा फळे घरून नेण्याची गरज नाही. त्यांच्याकडूनच घ्यावीत आणि फार घासाघीस करू नये. शक्य असेल तर प्रत्येकीने एक नातवंड बरोबर आणावे, दोन नकोत.

नावे आठ दिवसांत कार्यवाहांकडे द्यावीत, वर्गणी किती ती त्या सांगतील. मी त्या दिवशी पाचव्या लेण्याशी, टाक्याजवळ थांबणार आहे. लेख उंचावर आणि पुसट आहे, बोट दाखवून कोणी सांगितल्याशिवाय नजरेस पडत नाही.